ट्रॉलीचा दिवा आणि विजेची परतीची वाट

(ऊसतोडीच्या हंगामाआधी गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



दिवाळी जवळ आली की ऊसतोडीची गडबड सुरू होते. कोयत्यांना धार लावली जाते. ट्रॅक्टर धुऊन निघतात. इंजिनाचे तेल बदलतात. ट्रॉलीचे टायर पाहतात, फाळका पाहतात. एक गोष्ट मात्र पुष्कळदा राहून जाते. ती म्हणजे ट्रॉलीच्या पाठीमागचा तांबडा दिवा.

का बरे राहते? कारण दिवा नसला तरी ट्रॉली चालते. ऊस कारखान्यावर पोचतो. शिवाय तो दिवा आपल्याला दिसतच नाही. आपण पुढे बसलेले असतो. दिवा दिसतो तो मागून येणाऱ्याला. तो विझला, तर ते आपल्याला कळत नाही. मागच्याला कळते, पण फार उशिरा कळते.

थोडा हिशेब करू या. मागून एक मोटरसायकल येते आहे. तिचा वेग तासाला ६० किलोमीटर आहे. म्हणजे ती एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे येते. तिचा दिवा खाली पाडलेला असला, तर त्या उजेडात तीस-चाळीस मीटरपर्यंतचे नीट दिसते. त्याच्या पुढे काळोख. आपली ट्रॉली मळकी, वर उसाचा भारा, मागे दिवा नाही. त्या माणसाला ती दिसेल तेव्हा त्याच्या हातात दोन सेकंद उरलेले असतील. दोन सेकंदांत काय होणार?

आता ट्रॉलीला दिवा आहे असे धरा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटले आहे, की मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. १५५ मीटर म्हणजे त्या मोटरसायकलवाल्याला नऊ सेकंद मिळाले. नऊ सेकंदांत माणूस वेग कमी करतो, बाजूला होतो, घरी पोचतो. दोन सेकंद आणि नऊ सेकंद, यांत एका माणसाच्या जिवाचा फरक आहे. त्याच्या घरच्या चार माणसांच्या पोटाचाही आहे.

कोणी म्हणेल, "आम्ही दिवे लावतो हो, पण टिकत नाहीत. आज लावला की उद्या बंद. बल्ब बदलला, तार बदलली, तरी पुन्हा तेच." हे खरे आहे. आणि म्हणूनच आम्ही आज बोलायला आलो आहोत. ट्रॉलीचा दिवा नीट जळत नसेल, तर पुष्कळदा दोष बल्बमध्ये नसतो. दिव्याकडे जाणाऱ्या तारेतही नसतो. दोष असतो विजेच्या परतीच्या वाटेत. या वाटेला मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. तो अर्थ कसा शोधायचा, कसा दुरुस्त करायचा, ते आज पाहू या.

वीज जाते आणि परत येते

पाण्याचे आणि विजेचे एक सारखे नाही. पाटाचे पाणी शेतात आले, मुरले, की काम झाले. ते विहिरीत परत गेले नाही तरी चालते. विजेचे तसे नाही. वीज बॅटरीच्या एका टोकातून निघते, दिव्यातून जाते आणि बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला परत येते. परत यायला वाट नसेल, तर ती निघतच नाही. जाण्याची वाट कितीही चांगली असो, परतीची वाट तुटली की दिवा विझला.

बॅटरीला दोन टोके असतात. एकावर अधिकची खूण असते. दुसऱ्यावर उणेची खूण असते. अधिक टोकापासून फ्यूज, बटण आणि तार अशी वाट दिव्यापर्यंत जाते. ही वाट आपल्याला दिसते. तार दिसते म्हणून आपण तीच तपासतो, तीच बदलतो.

मग परतीची तार कोठे आहे? पुष्कळ ठिकाणी ती नसतेच. ट्रॅक्टरचे सारे अंग लोखंडाचे. लोखंडातून वीज जाते. मग दुसरी तार कशाला ओढायची? म्हणून बॅटरीचे उणे टोक एका जाड पट्टीने ट्रॅक्टरच्या अंगाला जोडून टाकतात. दिव्याचे दुसरे टोकही अंगाला जोडतात. म्हणजे ट्रॅक्टरचे अंग हीच परतीची तार झाली. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत याच्या उलट असे. अधिक टोक अंगाला जोडलेले असे. आपला ट्रॅक्टर तसा जुना असेल, तर ते आधी पाहून घ्या.

आता याला 'अर्थ' का म्हणतात? अर्थ म्हणजे जमीन. ट्रॅक्टर तर रबराच्या टायरवर उभा आहे. त्याचा जमिनीशी काय संबंध? हे नाव तारायंत्राच्या काळापासून आले आहे. जर्मनीत श्टाइनहाइल नावाचा एक शास्त्रज्ञ होता. त्याने १८३८ साली पाहिले, की तारायंत्राला दोन तारा लागत नाहीत. एकच तार पुरते. परतीचे काम जमीन करते. तेव्हापासून परतीच्या वाटेला अर्थ म्हणायची सवय लागली. ट्रॅक्टरच्या बाबतीत अर्थ म्हणजे जमीन नव्हे. अर्थ म्हणजे त्याचे लोखंडी अंग. ही गोष्ट ध्यानात धरा. पुढे तिचे काम पडणार आहे.

वाट कोठे तुटते

ट्रॅक्टरपर्यंत ठीक आहे. अडचण येते ती ट्रॉलीपाशी.

ट्रॉली ही निराळी गाडी आहे. ती ट्रॅक्टरला एका लोखंडी पिनेने जोडलेली असते. ट्रॉलीच्या दिव्यातून आलेली वीज आधी ट्रॉलीच्या सांगाड्यात उतरते. मग तिला ट्रॅक्टरच्या अंगावर यायचे असते. तिने कोठून यावे?

पुष्कळ ट्रॉल्यांना अर्थची वेगळी तार नसते. असलीच तर तुटलेली असते. मग वीज त्या पिनेतून येते. लोखंडाला लोखंड लागले आहे, तेवढ्यावर काम चालते. पण त्या पिनेची दशा काय असते? तिला ग्रीस फासलेले असते. वर माती बसलेली असते. भोक झिजून मोठे झालेले असते. चालताना पिन कधी पुढे टेकते, कधी मागे टेकते, कधी मध्येच सुटी होते. म्हणजे खड्डा आला की परतीची वाट तुटते, आणि खड्डा गेला की जुळते. बांधावर उभी असताना ट्रॉलीचे दिवे लख्ख जळतात आणि रस्त्याला लागले की लुकलुकतात, त्याचे कारण हे.

वाट तुटायची दुसरी जागा म्हणजे गंज. दिव्याचे होल्डर ज्या स्क्रूने सांगाड्याला बसवले आहे, तेथे पाणी जाते. रस आणि चिखल उडतो. खताच्या गोण्या वाहिल्या तर खत सांडते. मिठासारखे खत लोखंड फार लवकर खाते. गंज लोखंडापासूनच होतो, पण त्यातून वीज नीट जात नाही.

तिसरी जागा म्हणजे रंग. हंगामाआधी ट्रॉलीला आपण हौसेने रंग देतो. रंगावरच होल्डर बसवतो. रंगातून वीज जात नाही. ट्रॉली नवी दिसते आणि दिवा मेलेला असतो.

चौथी जागा म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचे सॉकेट. त्यात सात पिना असतात. डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या, ब्रेकच्या, मागच्या दिव्यांच्या अशा त्या वेगवेगळ्या. त्यांतली एक पिन सर्वांच्या परतीची. तिच्यापाशी इंग्रजी अंकांत ३१ हा आकडा असतो. एकतीस म्हणजे अर्थ. सगळ्या दिव्यांची वीज या एका पिनेतून परत येते. म्हणून ती हिरवी पडली, सैल झाली किंवा वाकली, की सगळ्या दिव्यांची दैना होते. तारेच्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. कोणी कधी कोणत्या रंगाची तार जोडली असेल, सांगता येत नाही.

दिवे असे चाळे का करतात

अर्थ खराब असला की दिवे विचित्र वागू लागतात. ब्रेक दाबला की मागचा दिवा मंद होतो. डावा इंडिकेटर लावला की त्याच्याबरोबर तांबडा दिवाही उघडझाप करतो. ब्रेक दाबला की पुढे ट्रॅक्टरचे लहान दिवे मिणमिणतात. माणूस म्हणतो, तारा एकमेकींत मिसळल्या. तो सगळी वायरिंग उपसून काढतो. तारा तर ठीक असतात.

हे का होते, ते गाड्यांच्या उदाहरणाने सांगतो. समजा, दहा बैलगाड्या बाजाराला गेल्या. जाताना रस्ता चांगला होता. परत येताना पाहतात तो ओढ्यावरचा पूल वाहून गेलेला. गाड्या काय करतील? दुसऱ्याच्या बांधावरून, शेतातून, मिळेल त्या वाटेने घरी येतील. वीजही तसेच करते. ब्रेकच्या दिव्यातून ती बाहेर पडते. सांगाड्यावरची वाट बंद. शेजारीच मागच्या दिव्याची तार असते. मग ती त्या दिव्यातून उलटी शिरते, त्याच्या तारेने पुढे ट्रॅक्टरकडे जाते आणि तेथल्या लहान दिव्यांतून अंगावर उतरते. म्हणून नको ते दिवे पेटतात. सगळे थोडे थोडे पेटतात, धड एकही पेटत नाही.

तेव्हा ही खूण पक्की ध्यानात ठेवा. एकच दिवा बंद असेल आणि बाकीचे ठीक असतील, तर दोष त्या दिव्यापाशी आहे. अनेक दिवे एकदम मंद होत असतील, किंवा एक लावला तर दुसरा पेटत असेल, तर आधी अर्थ पाहा.

'दिवा मंद जळतो पण जळतो तरी,' असे म्हणून सोडून देऊ नका. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. त्यांतले दोन व्होल्ट गंजाने खाल्ले, तर दिव्याला १० मिळाले. उजेड किती कमी होईल? थोडासा, असे वाटते. पण तसे नाही. तारेचा बल्ब असेल तर उजेड जवळजवळ निम्मा होतो. विजेचा जोर थोडा घटला तरी बल्बचा उजेड पुष्कळ घटतो.

हल्ली एल.ई.डी.चे दिवे आले आहेत. ते वीज थोडी खातात. म्हणून अर्थ थोडा खराब असला तरी ते काही दिवस जळतात. पण दोष गेलेला नसतो, झाकलेला असतो. पाऊस पडला, गंज वाढला, की तेही लुकलुकू लागतात.

दोष कसा शोधावा

या कामाला फार सामान लागत नाही. एक लांब, जाड, वर आवरण असलेली तार हवी. ती बॅटरीपासून ट्रॉलीच्या मागच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे. दोन्ही टोकांना चिमटे असले तर बरे. एक तारेचा ब्रश, थोडा पॉलिशचा कागद आणि पाना. एवढे पुरे.

घरातली वीज पाहायचा टेस्टर येथे उपयोगाचा नाही. तो बारा व्होल्टवर पेटत नाही. तो पेटला नाही म्हणून वीज नाही, असे समजू नका.

सुरू करण्याआधी दोन सूचना. बॅटरीतून जळणारा वायू निघतो. म्हणून जवळ बिडी-काडी नको. आणि ही तार अधिक टोकाला चुकूनही लावू नका. अधिक टोकाची तार अंगाला लागली, तर मोठी ठिणगी पडते, तार तापून लाल होते आणि हात भाजतो.

आधी बल्ब काढून पाहा. त्यातली बारीक तार तुटलेली नाही ना? फ्यूज ठीक आहे ना? ते ठीक असेल तर मागचे दिवे लावा. ते लावलेलेच राहू द्या. दिवा बंद ठेवून अर्थ पाहण्यात अर्थ नाही. वीज चालू असेल तेव्हाच वाटेतली अडचण कळते. तारेचा एकच केस शिल्लक असला, तरी वाट आहे असे दिसते. ओझे पडले की मग खरे कळते. रिकामी गाडी कच्च्या पुलावरून जाते, भरलेली जात नाही.

आता तारेचे एक टोक बॅटरीच्या उणे टोकाला चिमट्याने लावा. दुसरे टोक हातात घ्या. एका माणसाला मागे दिव्यापाशी उभे करा. मग पुढून मागे एकेक जागेला ते टोक लावीत जा.

पहिली जागा, ट्रॅक्टरचे अंग. रंग खरवडून चकचकीत लोखंडाला टोक लावा. दिवा एकदम उजळला, तर दोष बॅटरी आणि ट्रॅक्टरचे अंग यांच्या मध्ये आहे. बॅटरीची जाड पट्टी पाहा. अशा वेळी पुष्कळदा ट्रॅक्टरचा सेल्फही मंद फिरतो. लोक त्या बॅटरीला नावे ठेवतात आणि नवी बॅटरी आणतात. पैसे जातात, दोष तसाच राहतो.

दुसरी जागा, ट्रॉलीचा सांगाडा. ट्रॅक्टरला टोक लावून काही झाले नाही आणि ट्रॉलीला लावल्यावर दिवा उजळला, तर दोष ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मध्ये आहे. म्हणजे सॉकेट, त्याची ३१ आकड्याची पिन, किंवा अर्थची तार. हा दोष फार वेळा सापडतो.

तिसरी जागा, दिव्याचे होल्डर. सांगाड्याला लावून उजळला नाही आणि होल्डरच्या अंगाला लावल्यावर उजळला, तर दोष होल्डर आणि सांगाडा यांच्या मध्ये आहे. तेथे गंज आहे किंवा रंग आहे.

तिन्ही जागी काही फरक पडला नाही, तर परतीची वाट ठीक आहे. आता जाण्याची तार तपासा.

पाहा, किती सोपे आहे! पाटाचे पाणी कोठे फुटले, ते आपण पाटाच्या कडेने चालत जाऊनच शोधतो. हेही तसेच. अंदाजाने बल्ब बदलू नका, अंदाजाने तार कापू नका. वाटेने चालत जा. जेथे फरक पडेल, त्याच्या अलीकडे दोष आहे.

ज्याच्याजवळ मीटर आहे, त्याने बॅटरीचे व्होल्ट मोजायच्या खुणेवर ते लावावे. दिवे चालू ठेवावेत. काळे टोक बॅटरीच्या उणे टोकाला आणि तांबडे टोक होल्डरच्या अंगाला लावावे. मीटर जो आकडा दाखवील, तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेत फुकट जातात. पाव व्होल्टच्या आत असेल तर वाट चांगली. एक व्होल्टच्या वर गेला तर दुरुस्ती करायलाच हवी.

दुरुस्ती

दोष सापडला की अर्धे काम झाले. राहिलेले अर्धे मन लावून करा.

आधी बॅटरीची अंगाला जोडलेली तार सोडवा. ती सगळ्यांत आधी काढायची आणि सगळ्यांत शेवटी लावायची. म्हणजे काम करताना पाना कोठे टेकला तरी ठिणगी पडत नाही.

मग जागा खरवडा. तांबूस दिसते तोवर खरवडा नव्हे. रुपयासारखी चकचकीत होईपर्यंत खरवडा. तारेच्या टोकाला कडे दाबून बसवा. बाजारात त्याला थिंबल म्हणतात. नुसती तार पिळून बोल्टाखाली दाबू नका. ती चार दिवसांत सैल होते. थिंबलखाली दातेरी वायसर घाला. त्याचे दात लोखंडात रुततात आणि हादऱ्याने बोल्ट ढिला होत नाही. बोल्ट चांगला आवळा. आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. क्रम लक्षात ठेवा: आधी आवळायचे, मग रंग द्यायचा. उलटे केले की काम फुकट.

याहून चांगला उपाय असा. सांगाड्यावर आणि पिनेवर विसंबूच नका. सॉकेटच्या ३१ आकड्याच्या पिनेपासून एक अखंड तार मागच्या दोन्ही दिव्यांपर्यंत न्या. तार तांब्याची आणि २.५ चौरस मिलिमीटर जाडीची असावी. तीच तार एका जागी ट्रॉलीच्या सांगाड्यालाही जोडा. ही तार रबरी नळीत घाला आणि सांगाड्याच्या आतल्या बाजूने बांधा. ट्रॉली उलटताना, म्हणजे ढकलपेटी वर होताना, ती ताणली जाऊ नये इतकी सैल ठेवा.

दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडल्या, तर ही तार हवीच हवी. कारण मागच्या ट्रॉलीची वीज दोन पिनांतून परत येते. सगळ्यांत कमी उजेड मागच्या ट्रॉलीला मिळतो. आणि मागून येणाऱ्याला दिसते ती मागचीच ट्रॉली.

ट्रॉलीला वेल्डिंग करायचे असेल, तेव्हा एक काळजी घ्या. ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवा, सॉकेटही काढा. वेल्डिंगचा अर्थचा चिमटा जोडायच्या जागेजवळच लावा. तो दूर लावला तर वेल्डिंगची जबर वीज आपल्या बारीक तारांतून आणि चाकांच्या बेअरिंगमधून वाट काढते आणि ती जाळते.

आणि दिवा चांगला झाला तरी मागची तांबडी चमकपट्टी काढू नका. दिव्याला बॅटरी लागते, पट्टीला काही लागत नाही. मात्र पट्टीवरचा चिखल रोज पुसावा लागतो.

घरची वीज ही निराळी गोष्ट

आता शेवटची गोष्ट. ती आम्ही मुद्दाम मागे ठेवली, कारण ती सगळ्यांत मोठी आहे.

आजवर बोललो ते बॅटरीच्या विजेविषयी. बारा व्होल्टची वीज माणसाला मारीत नाही. तेथे परतीची वाट तुटली तर दिवा विझतो, एवढेच. पण घरची वीज २३० व्होल्टची. तेथे परतीची वाट तुटली, तर वीज दुसरी वाट शोधते, आणि ती वाट माणूस असतो.

कधी कधी ट्रॉलीवर घरची वीज येते. लग्नात किंवा गणपतीत ट्रॉलीचे व्यासपीठ होते. त्यावर दिव्यांच्या माळा, कर्णे. कधी ट्रॉलीवर ग्राइंडर चालतो. लोखंडाच्या धारेवर तार घासते, आवरण कापले जाते आणि ट्रॉलीच्या अंगात वीज उतरते. ट्रॉली टायरवर उभी असते. टायर रबराचे. ती वीज जमिनीत जात नाही. फ्यूजही उडत नाही. कोणाला काही कळत नाही. मग एक पोर अनवाणी येते. ओल्या जमिनीवर उभे राहून फाळक्याला हात लावते. आता वाट सापडली!

ट्रॉलीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर 'थोडासा करंट आहे' म्हणून हसू नका. ताबडतोब मुख्य बटण बंद करा. प्लग काढा. मग तार पाहा.

येथे तीन गोष्टी पाळा.

पहिली. ट्रॉलीवर वीज न्यायची तर तीन तारांची, अखंड, चांगल्या आवरणाची केबल न्या. तिसरी तार घराच्या अर्थला पक्की जोडलेली असावी. ती ट्रॉलीच्या अंगाला जोडा. म्हणजे अंगात वीज उतरली तर तिला तारेची सोपी वाट मिळेल.

दुसरी. नुसती सळई ठोकून काम भागले असे समजू नका. कोरड्या जमिनीतल्या सळईतून दहा-बारा अँपिअर वीज गेली, तरी १६ अँपिअरचा फ्यूज उडणार नाही, आणि ट्रॉली जिवंत राहील. म्हणून घरात गळती ओळखणारे बटण बसवा. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. त्यावर ३० मिलिअँपिअर असे लिहिलेले असावे. जितकी वीज गेली तितकी परत आली नाही, तर हे बटण डोळ्याचे पाते लवण्याच्या आत वीज तोडते. ते परतीचा हिशेब ठेवते, दुसरे काही नाही.

तिसरी. काही जण फेजची एकच तार आणतात आणि परतीसाठी जमिनीत सळई ठोकून दिवा लावतात. काही जण न्यूट्रल तारच अर्थ म्हणून लोखंडी अंगाला जोडतात. ही दोन्ही कामे जीवघेणी आहेत. ती सळईची तार निसटली, आणि कोणी ती उचलून हातात घेतली, तर दिव्यातून आलेली सगळी वीज त्याच्या अंगातून जाते. न्यूट्रल तुटली, तर सगळे लोखंडी अंग जिवंत होते. बॅटरीच्या गाडीत लोखंडी अंग ही परतीची वाट असते. घरच्या विजेत तसे कधीही करायचे नाही. तेथे परतीची वाट म्हणजे न्यूट्रलची तार, आणि अर्थ ही संकटाच्या वेळची राखीव वाट. नाव एकच आहे, काम निराळे आहे. ज्याला हे दोन्ही नीट कळत नाही, त्याने घरच्या विजेला हात लावू नये. परवाना असलेल्या वायरमनला बोलवावे.

कोणाला वीज लागलीच, तर त्याला हाताने धरू नका. आधी मुख्य बटण बंद करा. ते दूर असेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करा. मग १०८ वर फोन करा.

ध्यानात ठेवा

दर संध्याकाळी ट्रॉली जोडल्यावर एका माणसाने मागे उभे राहावे. मागचे दिवे, ब्रेक, डावा, उजवा, असे चारही पाहावेत. एक मिनिट लागते.

दिवे एकदम मंद झाले, तर आधी अर्थ पाहावा.

लोखंड चकचकीत करून आवळावे, मग रंग द्यावा.

पिनेवर विसंबू नये. अर्थची वेगळी तार ओढावी.

बॅटरीचा अर्थ आणि घरचा अर्थ एक समजू नयेत.

मंडळी, दिवसभर ऊस तोडून, भरून, आपण रात्री रस्त्याला लागतो. आपल्या मागून कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप घराकडे येत असतो. तो आपल्याला ओळखत नाही, आपण त्याला ओळखत नाही. आपला त्याच्याशी एवढाच संबंध, की आपल्या ट्रॉलीचा तांबडा दिवा त्याला दिसावा. विजेची परतीची वाट नीट ठेवा, म्हणजे माणसाचीही परतीची वाट नीट राहील.

उद्या सकाळी ट्रॉलीपाशी जा आणि एकदा पाहा. आम्ही येथेच आहोत. ज्याला अडेल त्याने विचारायला यावे.